व्हिसावर वाढलेल्या मुलांच्या संघटनेचं विभागीय प्रतिनिधीपद स्वीकारावं का?

घे. तू माझ्या मुलीच्या वयाची, म्हणून अगं-तुगं करतेय.

अमेरिकेत एच-४ वर, म्हणजे एच-१बी नोकरदाराच्या कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावर वाढलीस, आता एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आहेस, संघटना ईशान्य विभाग देतेय आणि घरचे म्हणतात, ‘नसती लफडी कशाला?’ हे वाचूनच लिहायला बसले.

माझी मुलगी याच कामात न्यू जर्सीची प्रतिनिधी होती. बालवाडीपासून इथे वाढली, पण एकविसाव्या वाढदिवसाला कायद्याने आमची ‘अवलंबित’ उरली नाही. ग्रीन कार्डांत एका देशाला फार तर ७ टक्के, त्यामुळे आम्हा भारतीयांची रांग हलतच नव्हती. जुलै २०२२ मध्ये हाऊसने, म्हणजे अमेरिकी संसदेच्या खालच्या सभागृहाने, संरक्षण विधेयकात खासदार डेबोरा रॉस यांची दुरुस्ती मंजूर केली. अशा मुलांना संरक्षण देणारी. पुढे वरचं सभागृह, सिनेट होतं, म्हणजे सिनेटरांच्या ऑफिसात फोन खणखणायला हवे होते. मुलीने आमच्या मराठी मंडळाकडे गणपतीत पाच मिनिटं मागितली.

कमिटीतले एक काका म्हणाले, “इथे राजकारण नको. आपण कायदेशीर आलोय, आपला त्या बिनकागदपत्रांच्या लोकांशी काय संबंध?” त्याच संध्याकाळी निवडणुकीला उभा असलेला एक गृहस्थ आरतीआधी माईक सोडेना. ते बहुधा संस्कृतिसंवर्धन असावं.

पोरगी महाप्रसादाच्या रांगेशी वही घेऊन उभी राहिली. सह्या कोणी दिल्या? एच-४ वरच्या आयांनी, ज्यांना मतच नाही. सिटिझन झालेले “नंतर बघू” म्हणत पुढे सरकले. डिसेंबरात अंतिम विधेयकातून ती दुरुस्ती गळली. मंडळामुळे गळली असं मी म्हणत नाही, तेवढी मंडळाची पोच नाही.

काकांना तेव्हाच सांगितलं होतं, कायदेशीर असणंच आपल्या मुलांना नडतंय. लहानपणी आणलेल्या, कागदपत्रं नसलेल्या मुलांना हद्दपारीपासून वाचवणाऱ्या २०१२ च्या ‘डाका’ योजनेत १५ जून २०१२ ला वैध व्हिसावर असलेलं मूल बसतच नाही. ते म्हणाले, “असं कसं असेल?” असंच आहे, काका.

तेव्हा तुझं खरं काम भाषणं नाही, मतदार काका-मामांना फोन उचलायला लावणं आहे. नेमणूक लेखी घे: कोणती राज्यं, पत्रकारांशी कोण बोलणार, तुझं नाव-फोटो कुठे छापणार. मानधन देऊ केलं तर घेऊ नकोस, एफ-१ वर ते अंगाशी येतं. बिनपगारी स्वयंसेवा वेगळी, तरी कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात एकदा विचार.

आणि हो, घरचे अगदीच चूक नाहीत. जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांची समाजमाध्यमं तपासतात. भारतात जाऊन पासपोर्टवर व्हिसाचं स्टॅम्पिंग करून घेणं बाकी असेल तर आधी वकील गाठ, मग होकार कळव.

होकार दिलास की पहिलं पत्र मराठी मंडळांना पाठव. आमच्याही. कमिटी बदललीय म्हणतात, काका तेवढे खजिनदार झालेत.