ग्रेगोर साम्सा ‘पांग’ फेडतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘जर्मनमध्ये लिहिणाऱ्या काफ्काची “मेटॅमॉर्फोसिस” ही गोष्ट मी इंग्रजीतून वाचली, तीच ती, ग्रेगोर साम्सा एका सकाळी किडा होऊन उठतो ती. आमच्या वाचनगटात ती मराठीत सांगायची आहे. ग्रेगोर आईवडिलांचं कर्ज फेडायला राबतो, म्हणून मी “तो आईवडिलांचे पांग फेडत होता” असं लिहिलं. गटातल्या एका ज्येष्ठ सभासदांना तो शब्द खटकला. पांग बरोबर की कर्ज? आणि एलिएनेशनला, म्हणजे आपल्याच माणसांत परकं होण्याला, “परात्मता” सोडून बोलण्यातला काही शब्द आहे का?’

ज्येष्ठांची हरकत मला पटते. पण तुमचा शब्दही फेकून देऊ नका. तो कुणाच्या तोंडी शोभतो, तेवढं मात्र बघायला हवं.

पांग हा शब्द आज एकटा फिरत नाही, ‘फेडणे’चा हात धरूनच येतो. जुन्या मराठीत पांग म्हणजे उणीव, गरज, दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायची वेळ. म्हणजे आईवडिलांचे पांग फेडणं याचा मुळातला अर्थ त्यांची ददात मिटवणं असा. पुढे तो सरकत ‘त्यांनी आपल्यासाठी जे सोसलं त्याची भरपाई’ असा झाला. आता ‘पोरानं पांग फेडले’ हे वाक्य कोण म्हणतं ते आठवा. आई म्हणते, शेजारीण म्हणते, लग्नाच्या पंगतीत एखादा मामा म्हणतो. मुलगाच ‘मी पांग फेडले’ म्हणाला तर ऐकणारा दचकेल. ती शाबासकी आहे, ती दुसऱ्यानं द्यायची असते. मुलानं फार तर ‘फेडायचे आहेत’ म्हणावं.

साम्सांच्या घरात ही शाबासकी द्यायला कुणी नाही, आणि काफ्कानं ते एका वाक्यात सांगून टाकलंय. वडिलांचा धंदा बुडाल्यावर ग्रेगोर आधी किरकोळ कारकून आणि मग फिरता विक्रेता होतो. सुरुवातीला तो रोख रक्कम आणून टेबलावर ठेवतो तेव्हा घरचे चकित होतात, हरखतात. पुढे सगळ्यांनाच सवय होते: ते पैसे आभार मानून घेत, तो खुशीनं देई, पण खास अशी ऊब त्यात उरली नाही. इथे ‘देई’साठी काफ्कानं वापरलेलं क्रियापद आहे ‘आबलीफर्न’. जर्मनमध्ये ते माल पोचता करण्यासाठी, ताब्यात देण्यासाठी वापरतात. आपल्याकडे पहिला पगार देवापुढे ठेवतात, मग आईच्या हातात. या ‘हातात ठेवणं’मध्ये जी माया आहे, ती मराठी सांगणाऱ्याच्या तोंडून इथे नकळत घुसेल. घुसू देऊ नका. टेबलावर ठेवायचा तोवर ‘ठेवायचा’ म्हणा, आणि नंतर ‘पैसे पोचते करायचा’ म्हणा. एका क्रियापदाच्या बदलानं पाच वर्षं सांगून होतात.

तेव्हा निवेदकाच्या तोंडी पांग नको. मग कर्ज? कर्ज चूक नाही, पण कोरडं आहे, कारण मूळ शब्द दुहेरी आहे. ग्रेगोर किडा होऊन उठलेल्या त्याच सकाळी, पाचची गाडी चुकलेली असताना, मनाशी हिशेब करतो की आईवडील त्याच्या मालकाचं जे देणं लागतात ते सगळं फिटायला अजून पाच-सहा वर्षं लागतील. तिथे शब्द आहे ‘शुल्ड’. जर्मनमध्ये शुल्ड म्हणजे देणं आणि शुल्ड म्हणजे अपराधही. पैशाच्या कर्जाला जर्मन माणूस सहसा अनेकवचन वापरतो, ‘शुल्डन’. काफ्का इथे एकवचन लिहितो. पुढे ‘फेडायला’ हे क्रियापद असल्यानं अर्थ पैशाचाच राहतो, पण ‘आईवडिलांचा दोष’ असाही एक सूर खाली वाजत राहतो. काफ्का या शब्दाकडे पुन्हापुन्हा आला. दोषींना शिक्षा देणाऱ्या यंत्राची त्याची एक गोष्ट आहे, तिच्यातला अधिकारी म्हणतो की शुल्ड नेहमी निःसंशयच असते. तिथे अर्थ उघडउघड अपराधाचा.

मराठीत दोन्ही अर्थ एका शब्दात बसत नाहीत. ऋण म्हणावं तर ते फार वर उचललं जातं. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण अशी तीन ऋणं घेऊन माणूस जन्मतो हे आपण ऐकत आलोय, पण त्यातलं पितृऋण फिटतं संततीनं, पगारानं नाही. (हिंदू कायद्यात बापाचं कर्ज मुलानं फेडण्याचं ‘पवित्र कर्तव्य’ बराच काळ मानलं जाई. 2005 च्या दुरुस्तीनंतरच्या कर्जांना ते लागू राहिलं नाही. तुमच्या गटात एखादे वकील असतील तर चर्चा तिकडे वळेल, सांभाळा.)

मी सुचवेन ‘देणं’. देण्यात अपराध येत नाही, तेवढा तोटा सोसावा लागेल. पण देणं पैशाचंही असतं आणि नात्याचंही. ‘मी तुमचं काही देणं लागत नाही’ हे वाक्य सावकाराला म्हणता येतं आणि सख्ख्या भावालाही. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचा धागाही इथूनच निघतो, पण त्याआधी एक मजा. देणेकरी हा शब्द कोशात ऋणकोसाठी आहे, ज्यानं द्यायचंय तो. बोलण्यात मात्र ‘देणेकरी दारात येऊन बसले’ म्हणतो तेव्हा बसलेले असतात पैसे मागणारे. एकाच शब्दात दोघं उलटसुलट होतात. साम्सांच्या घरातही कुणी कुणाचं किती लागतं ते असंच धूसर होत जातं. ग्रेगोर दाराआडून ऐकतो की धंदा बुडाला तेव्हा वडिलांनी थोडी रक्कम बाजूला ठेवली होती, तिच्यावर व्याज साठलंय, आणि त्यानं दरमहा आणलेल्या पैशातलेही काही शिल्लक टाकलेत. खरं तर त्या शिलकीतून मालकाचं देणं लवकर फिटलं असतं, त्याची नोकरीतून सुटका जवळ आली असती. हा विचार त्याच्या मनात येतोही. आणि तरी तो दाराआड मान डोलावतो, वडिलांच्या दूरदृष्टीचं त्याला कौतुक वाटतं. हे वाचून मला दर वेळी वडिलांचा राग येतो. ग्रेगोरला येत नाही.

आता तुमचा ‘पांग’. तो त्या पहिल्या सकाळच्या हिशेबाच्या जागी वापरा, ग्रेगोरच्या मनात, आणि भविष्यकाळात: ‘आणखी पाच-सहा वर्षं, मग पांग फिटतील.’ तिथे तो शब्द खरा वाटतो आणि करुणही. मात्र उलट दिशेनं तो कधीच चालत नाही. वडील सफरचंद फेकून मारतात, ते ग्रेगोरच्या पाठीत रुतून बसतं. त्यानंतर काही काळ घरच्यांना आठवतं की हा आपल्यातलाच आहे, आणि कुटुंबाच्या कर्तव्याची आज्ञाच आहे की किळस गिळायची आणि सोसायचं, फक्त सोसायचं. ‘आज्ञा’साठी मूळ शब्द आहे ‘गेबोट’, बायबलातल्या दहा आज्ञांचा शब्द. इथे कुणी ‘ग्रेगोरचे पांग’ म्हणेल का? मराठीत आईबाप मुलाचे पांग फेडत नाहीत. पांग खालून वरच जातात. काफ्कानंही इथे शुल्ड वापरलेली नाही, ‘कर्तव्य’ वापरलंय. तुमच्या मजकुरातही हा फरक दिसू द्या.

परात्मतेबद्दल: समीक्षेच्या लेखात तो शब्द चालेल, गोष्ट सांगताना नको. परात्मता ही स्थिती आहे, गोष्टीत जे चाललंय ती क्रिया आहे. आपल्याकडे त्यासाठी क्रियापदं भरपूर आहेत. दुरावणं, तुटणं, अंतरणं, मायेला पारखं होणं. आणि सगळ्यांत नेमकं बोलणं म्हणजे ‘देणंघेणं नसणं’. कर्जासाठी जे देणं, त्यालाच ‘घेणं’ जोडून ‘नाही’ म्हटलं की परकेपण. ग्रेगोरचं देणं थांबतं, आणि काही महिन्यांत घराला त्याच्याशी देणंघेणं उरत नाही. हा सांधा मूळ जर्मनमध्ये नाही. मराठीनं तो फुकट दिलाय, घ्या.

आणखी एक गोष्ट मराठीला मिळाली आहे, ती म्हणजे नपुंसकलिंग. शेवटाकडे ग्रेगोरची बहीण ग्रेटं टेबलावर हात आपटून म्हणते की या जनावरासमोर मी भावाचं नाव उच्चारणार नाही, एवढंच म्हणते की ‘ते’ घालवायला हवं. जर्मनमध्ये तो शब्द आहे ‘एस’. लगेच पुढे वडील अर्धवट प्रश्नासारखं पुटपुटतात, ‘त्याला आपलं बोलणं कळलं असतं तर’, आणि त्यांच्या तोंडी मात्र पुल्लिंग. आधीच आई ओरडलेली असते, सोडा मला, ‘तो’ माझा अभागी मुलगा आहे. हिंदी अनुवादकाला हा फरक दाखवायला खटपट करावी लागेल, मराठीत ‘तो’ आणि ‘ते’ तयार आहेत. फक्त दोन सापळे आहेत.

पहिला असा की आपलं ‘ते’ आदरार्थीही आहे. ‘ते आजारी आहेत’ म्हटलं की वडीलधारं माणूस डोळ्यांपुढे येतं. म्हणून ग्रेटंच्या वाक्यात क्रियापदानं लिंग ठसठशीत दिसू द्या: ‘ते जायला हवं’, ‘ते ग्रेगोर असतं, तर तो केव्हाच निघून गेला असता’. दुसरा सापळा मायेचा आहे. मराठीत नपुंसकलिंग जनावराचं तसंच लेकराचंही. ‘दमलं गं माझं पोर’ म्हणणारी आई त्याला वस्तू करत नसते. आईच्या तोंडी ‘अभागी लेकरू’ घालायचा मोह तुम्हाला होईल, मला झाला होता. पण मग आईचंही ‘ते’ आणि बहिणीचंही ‘ते’, आणि फरक पुसला गेला. आईला ‘मुलगा’च म्हणू द्या. किड्यासाठीही शब्द जपून निवडा. किडा आणि कीटक पुल्लिंगी आहेत, झुरळ नपुंसकलिंगी असलं तरी फार नेमकं आहे. 1915 साली पुस्तक निघताना काफ्कानं प्रकाशकाला बजावलं होतं की मुखपृष्ठावर तो किडा काढायचा नाही, लांबूनही दाखवायचा नाही. जे त्याला चित्रात नको होतं ते आपण झुरळ म्हणून का काढून दाखवावं? सुरुवातीला ‘कसलासा किडा’ पुरे, आणि ग्रेटंच्या तोंडी ‘जनावर’. त्या शब्दामागे ‘ते’ आपोआप येईल.

मोलकरणीचं वाक्यही असंच सोपं करून मिळतं. ती सकाळी खोलीत डोकावते, झाडूनं ढोसून बघते आणि मालकांच्या झोपायच्या खोलीचं दार उघडून ओरडते की ते ‘क्रेपीर्ट’ झालंय. हा शब्द जर्मन माणूस गुराढोरांच्या मरणासाठी वापरतो. आपल्याकडे माणूस जातो, वारतो, निवर्ततो. तिच्या तोंडी ‘मेलंय ते’ पुरे, आणि तिच्यापुरतं त्यात वाईट काहीच नाही. ती तर ग्रेगोरला प्रेमानं ‘ये रे म्हाताऱ्या शेणकिड्या’ म्हणून हाकही मारायची.

शीर्षकाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण ठरवावं लागेलच. ‘रूपांतर’ शब्दशः जवळचं आहे, पण फलकावर ‘काफ्का: रूपांतर’ लिहिलंत तर निम्मे लोक विचारतील की रूपांतर कुणी केलंय. ‘कायापालट’ हा शब्द आता पालिकेच्या उद्यानांना आणि बसस्थानकांना लागतो, चांगलंच काहीतरी झालं असा त्याचा सूर असतो. शेवटच्या पानावर तिघं साम्सा कामाला सुट्टी टाकून ट्रामनं गावाबाहेर निघतात, डब्यात ऊन भरलेलं असतं, तिघांच्या नोकऱ्या बऱ्या आहेत असं त्यांच्या बोलण्यातून निघतं, आणि ग्रेटं उठून अंग ताणते. मी ‘कायापालट’ ठेवेन.