1969 च्या कमॅरोला रिप्रॉडक्शन स्टिअरिंग व्हील कोणतं बसवावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मिशिगनमध्ये घेतलेली 1969 ची शेवरोले कमॅरो, पॉवर स्टिअरिंग नाही, मूळ स्टिअरिंग व्हील आऱ्यांपाशी तडकलंय. आता लाकडी दिसणारं रिप्रॉडक्शन, म्हणजे मूळ व्हीलची नवी बनवलेली नक्कल घ्यावं, की 14 इंची छोटं स्पोर्ट व्हील?

लाकूड, रंग, बिल्ला हे सगळं नंतर. आधी गाडीत बसा आणि कॉलम, म्हणजे व्हीलखालचा दांड्याचा भाग बघा. 1969 च्या मॉडेलपासून जनरल मोटर्सने किल्ली डॅशबोर्डवरून कॉलमवर आणली आणि स्टिअरिंग लॉक होऊ लागलं. त्यामुळे 1967-68 चा कॉलम वेगळा आणि तुमचा वेगळा. जाहिरातीत ‘67 ते 69 सर्व कमॅरोंना चालेल’ असं लिहिलेलं असेल तर हब (व्हीलचा शाफ्टवर, म्हणजे कॉलमच्या आतल्या दांड्यावर बसणारा मधला भाग) आणि हॉर्नचे भाग 69 चे आहेत का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. दुसरं, इंडिकेटरच्या दांडीखाली आणखी एक छोटी दांडी आहे का ते पाहा. असेल तर तुमचा कॉलम टिल्ट, म्हणजे व्हील वर-खाली कलवता येणारा आहे; कारखान्याच्या यादीत हा पर्याय एन33. टिल्ट आणि साध्या कॉलमचे हॉर्न कॉन्टॅक्ट वेगळे असतात, आणि किटही वेगवेगळी विकली जातात. चुकीचं किट शाफ्टवर बसेल, पण हॉर्न वाजणार नाही, किंवा वाजायचा थांबणार नाही.

आता थोडं थांबून मूळ व्हीलचा विचार करा. आत पोलादाचा सांगाडा असतो आणि त्यावर प्लास्टिक ओतलेलं असतं. वर्षानुवर्षं उन्हात ते प्लास्टिक आकसतं, सांगाडा आकसत नाही, म्हणून ताण जिथे जास्त तिथे, आऱ्यांच्या तोंडाशी, भेग पडते. भेग पडली म्हणजे व्हील कमकुवत झालं असं नाही. सांगाडा सरळ असेल आणि गंज वरवरचा असेल तर दुरुस्ती होते, आणि स्वस्तातल्या रिप्रॉडक्शनपेक्षा दुरुस्त केलेलं मूळ व्हील मी केव्हाही पसंत करेन. भेगेवर नुसतं लांबी भरून चालत नाही. कानस किंवा हॅकसॉच्या पात्याने पार सांगाड्यापर्यंत इंग्रजी व्ही आकाराची खाच करा, गंज खरवडून काढा, ॲसिटोनच्या फडक्याने पुसा. पीसी-7 सारखी घट्ट इपॉक्सी सम प्रमाणात कालवून खाचेत दाबून भरा, कडेपेक्षा जराशी उंच. 24 तास हात लावू नका. मग 80, 180, 320 नंबरच्या पॉलिश पेपरने घासत उतरवा, प्लास्टिकचा प्रायमर द्या आणि वर रंग. केसासारखी भेगसुद्धा खाच न करता सोडली तर पुढच्या उन्हाळ्यात ती रंगातून वर येते. कडेचे तुकडेच निघाले असतील किंवा रिंग वाकली असेल, तर मात्र नवीन घ्या.

नवीन घ्यायचं ठरलं तर तुमच्यासमोर दोन सरळ वाटा आहेत: मूळ साध्या व्हीलची नक्कल, किंवा कारखान्याच्या एन34 या पर्यायाची, म्हणजे लाकडी दिसणाऱ्या तीन आऱ्यांच्या व्हीलची. एन34 च्या नावात लाकूड आहे, पण कारखान्यातून यायचं ते लाकडाची नक्षी असलेलं प्लास्टिकच. त्यामुळे ‘अस्सल अक्रोडाचं’ म्हणून कोणी जास्त पैसे मागत असेल तर ते व्हील सुंदर असू शकतं, पण 1969 च्या कारखान्यातलं नव्हे. गाडी स्पर्धेत परीक्षकांसमोर ठेवायची असेल तर हा फरक पडतो.

व्हील हातात आल्यावर, बसवण्याआधी चार गोष्टी तपासा. काचेच्या टेबलावर पालथं ठेवून रिंगेवर बोटाने दाबत फिरा; एका बाजूला दोन-तीन मिलिमीटर उचललं जात असेल तर परत पाठवा, कारण चालवताना ते डोळ्यांपुढे डुलताना दिसतं. रिंगेच्या मागची बोटांची खोबणी मूळ व्हीलशी जुळवा. साच्याचा जोड अंगठ्याने चाचपा; धार लागली तर तास-दोन तासांच्या प्रवासात हाताला जाणवेलच. हबमधले दाते उजेडात धरून बघा, तुटके किंवा रंगाने भरलेले नकोत. किटमध्ये हब, हॉर्नचं वरचं झाकण आणि कॉन्टॅक्ट धरून सगळं आहे का, तेही मोजा. पुष्कळ वेळा व्हील स्वस्त दिसतं ते हे भाग वेगळे विकल्यामुळे.

14 इंचीचं काय? पॉवर स्टिअरिंग नसताना मी तुम्हाला ते घ्या म्हणणार नाही. साधा तरफेचा हिशोब आहे: 16 इंचावरून 14 वर आलात की तेवढंच वळवायला रिंगेवर सुमारे 14 टक्के जास्त जोर लागतो. रस्त्यावर तो जाणवणार नाही, पण पार्किंगमध्ये जागच्या जागी चाकं वळवताना खांदे बोलायला लागतील. शिवाय लहान रिंगेची वरची कड नेमकी मीटरच्या आड येऊ शकते. तरीही हवंच असेल तर ॲडॉप्टर हब लागेल, आणि तिथे बोल्टांचं वर्तुळ जुळवावं लागतं. मोमो या कंपनीच्या व्हीलचं सहा बोल्टांचं वर्तुळ 70 मिलिमीटरचं, नार्डी कंपनीचं 74 चं. चार मिलिमीटरचाच फरक आहे म्हणून भोकं कानसून मोठी करणारे लोक असतात. ते कधीही करू नका. तुमचा सगळा भार त्या सहा बोल्टांवर असतो.

काढण्याची पद्धत निवडीइतकीच महत्त्वाची आहे. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा. चाकं सरळ करा आणि किल्ली अशी ठेवा की कॉलम लॉक होणार नाही. हॉर्नचं झाकण काढा, नट सैल करा, पण पूर्ण काढू नका. शाफ्टच्या टोकाशी समपातळीत राहू द्या, म्हणजे व्हील अचानक सुटून तोंडावर येत नाही. मग पुलर, म्हणजे व्हील ओढून काढायचं साधन लावा. हबमध्ये दोन आटे असतात, त्यात 5/16-18 चे बोल्ट जातात. बोल्ट आट्यात नीट धरतील इतकेच फिरवा. फार खोल गेले तर मागचा इंडिकेटरचा कॅम (वळणानंतर इंडिकेटर बंद करणारा भाग) फुटतो, आणि मग इंडिकेटर वळणानंतर आपोआप बंद होत नाही.

शाफ्टवर हातोडा मारू नका. जनरल मोटर्सच्या गाड्यांत 1967 पासून धडकेत आत दबणारा कॉलम आहे, आणि त्याच्या शाफ्टचे दोन तुकडे प्लास्टिकच्या पिनांनी जोडलेले असतात. धडकेत त्या तुटाव्यात आणि शाफ्ट आत सरकावा, छातीत घुसू नये, अशी ती रचना आहे. दोन-चार दणक्यांत त्या पिना उभ्या गाडीतच तुटतात, बाहेरून काहीच दिसत नाही आणि शाफ्ट ढिला होतो. पुलर महाग नाही, आणि दुकानांतून उसनाही मिळतो.

हॉर्नबद्दल थोडं सविस्तर, कारण तक्रारी बहुतेक इथल्याच. या गाडीत बटण हॉर्नला वीज देत नाही. रिलेमधून (हॉर्नची वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचमधून) आलेल्या तारेला अर्थ देतं, म्हणजे ती गाडीच्या धातूला जोडतं. म्हणून स्प्रिंग कॉन्टॅक्टला कुठेही धातू चिकटला की हॉर्न सतत वाजतो. प्लास्टिकचं इन्सुलेटर जुनं, चिरलेलं असेल तर नवं घाला. उलट हॉर्न अजिबात वाजत नसेल तर हबवरचा आणि शाफ्टवरचा रंग तपासा. नवीन हब बऱ्याचदा पावडर कोट, म्हणजे रंगाचा जाड थर देऊन येतो आणि तोच कोट अर्थ तोडतो. जिथे धातूला धातू लागायला हवा तिथला कोट खरवडा, बाकीचा राहू द्या.

बसवताना शाफ्टच्या टोकावरची खूण आणि हबवरची खूण जुळवा. खूण सापडली नाही तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे फेरे मोजा आणि बरोबर मध्यावर व्हील सरळ बसवा. दाते मोजून घ्या. 36 असले तर एक दाता म्हणजे 10 अंश. पाच अंशांपर्यंतचा तिरकेपणा दात्याने सुटत नाही, तो टाय रॉडच्या (पुढची चाकं वळवणाऱ्या दांड्यांच्या) बाह्या फिरवून, चाकांच्या अलाइनमेंटच्या वेळी काढावा लागतो. व्हील एक दाता फिरवून ‘सरळ’ करून घेतलं की इंडिकेटर एका बाजूला लवकर आणि दुसऱ्या बाजूला उशिरा बंद होतो. नट टॉर्क रेंचने 30 फूट-पौंड, म्हणजे सुमारे 41 न्यूटन-मीटर. अंदाजाने नको.

मग बॅटरी जोडा. व्हील दोन्ही टोकांपर्यंत फिरवा आणि हब कॉलमच्या घंटीसारख्या भागाला घासतोय का ते ऐका. घासत असेल तर हबची खोली चुकीची आहे, वॉशर घालून वेळ मारून नेऊ नका, हब बदलून घ्या. दोन्ही बाजूंचे इंडिकेटर लावून वळण घ्या, हॉर्न व्हील सरळ असताना आणि पूर्ण वळलेलं असताना असा दोन्ही वेळा दाबून बघा. पहिल्या 100 मैलांनंतर झाकण काढून नटावर पुन्हा एकदा रेंच लावा.