बाबांची शंका खरी आहे, म्हणूनच जिऑलॉजी घे

प्रश्न : मी एस.वाय.बीएस्सीला आहे. जिऑलॉजी आणि केमिस्ट्री हे माझे विषय. आमचं घर तुरळच्या गरम पाण्याच्या कुंडांपासून जवळच आहे. जमिनीतल्या गरम पाण्यावर वीज तयार करण्याच्या क्षेत्रात जावंसं वाटतं. बाबा म्हणतात, असं पाणी उपसलं तर कुंडं आटतील, शिवाय त्यात नोकऱ्या कुठे आहेत? टी.वाय.ला जिऑलॉजी घेऊ, की पुढे पर्यावरणशास्त्रात एमएस्सी करू?
– एक विद्यार्थिनी, संगमेश्वर तालुका

उत्तर : बाबांशी वाद घालू नकोस, त्यांची शंका खरी आहे. न्यूझीलंडमध्ये वैराकेईला १९५८ साली असं वीजकेंद्र सुरू झालं. कित्येक वर्षं तिथे नुसता उपसा झाला, पाणी परत जमिनीत सोडलंच नाही. शेजारच्या खोऱ्यातले गीझर, म्हणजे जमिनीतून उसळणारे गरम पाण्याचे फवारे, बंद पडले, एका जागी जमीन सुमारे १५ मीटर खचली आणि वापरलेलं पाणी आर्सेनिकसकट वायकाटो नदीत जात राहिलं. त्याच देशातल्या रोटोरुआ गावात घरं आणि हॉटेलं गरम ठेवायला इतक्या बोअर मारल्या गेल्या की तिथला प्रसिद्ध पोहुतू गीझर धोक्यात आला. १९८६ पासून सरकारने त्याच्या दीड किलोमीटरच्या आतल्या बोअर बंद करायला लावल्या, तेव्हा झरे बरेच सावरले.

पाणी परत सोडलं म्हणजे सगळं मिटलं, असंही नाही. आइसलँडच्या हेट्लिसहेइदी केंद्राने २०११ मध्ये नव्या जागी पाणी सोडायला घेतलं आणि आसपासच्या गावांत भूकंपाचे धक्के जाणवले. उपशाच्या विहिरीच्या फार जवळ सोडलं तर मूळ साठाच थंड पडतो.

किती उपसायचं, कुठे सोडायचं, हे खडक आणि पाणी वाचता येणारा माणूस सांगतो. म्हणून माझं स्पष्ट मत : जिऑलॉजी घे आणि केमिस्ट्री सोडू नकोस. पर्यावरणशास्त्र वाईट नाही, पण पायाचा विषय पक्का नसताना तिकडे गेलेली बरीच मुलं दुसऱ्यांच्या आकड्यांवरून अहवाल जुळवत बसतात. ते आकडे काढणारी तू हो.

हे काम कसं असतं ते सांगतो. झऱ्याच्या तोंडाशीच तापमान, पीएच (पाणी किती आम्लधर्मी) आणि वाहकता (त्यातून वीज किती सहज वाहते) मोजायची, कारण बाटली लॅबमध्ये पोचेपर्यंत पाणी बदललेलं असतं. नमुना गाळून एका बाटलीत तसाच भरायचा, दुसरीत धातूंच्या तपासणीसाठी थोडं नायट्रिक ॲसिड घालायचं. सिलिका म्हणजे खडकातून पाण्यात विरघळणारा, वाळूतला मुख्य घटक; तिच्यासाठीचा नमुना तिथल्या तिथे शुद्ध पाण्याने पातळ करायचा, नाहीतर थंड होताना सिलिका खाली बसते. याच सिलिकेच्या प्रमाणावरून खोलवर पाणी किती तापलेलं असेल याचा अंदाज बांधतात. वीजकेंद्राच्या पाइपात थर धरून त्रास देते तीही हीच.

आता नोकरीचं. भारतात भूऔष्णिक, म्हणजे जमिनीतल्या उष्णतेवरची, वीज अजून प्रायोगिक टप्प्याच्या पुढे गेलेली नाही. लडाखमध्ये पुगाला ओएनजीसीने विहीर खोदायला घेतली, तेव्हा २०२२ मध्ये आतलं पाणी उसळून नाल्यात गेलं आणि काम थांबवावं लागलं. २०२५ मध्ये केंद्राने राष्ट्रीय धोरण आणलंय, पण त्या भरवशावर तीन-चार वर्षं काढायला मी कुणाला सांगणार नाही. पोटापाण्याची सोय भूजलात आहे. यूपीएससीच्या जिओ-सायंटिस्ट परीक्षेतून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि केंद्रीय भूजल मंडळात जाता येतं. राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे. तिथे शिकलेलं पुढे गरम पाण्यालाही लागू पडतं.

त्यासाठी एमएस्सी लागेल. आयआयटीत जायचं तर जॅमचा, म्हणजे तिथल्या एमएस्सी प्रवेशपरीक्षेचा, जिऑलॉजीचा पेपर दे. अर्ज साधारण सप्टेंबरात सुटतात, परीक्षा फेब्रुवारीत असते, म्हणजे टी.वाय.चं वर्ष त्यातच जाईल. प्रवेशाच्या अटी संस्थेगणिक बदलतात, तेव्हा माहितीपत्रक स्वतः वाच, सीनियरच्या सांगण्यावर जाऊ नकोस. टी.वाय.च्या प्रोजेक्टला तुरळ, राजवाडी आणि आरवलीची कुंडं घे. पावसाआधी आणि पावसानंतर असे दोनदा नमुने घे. सरांनी आधीच दुसरा विषय दिला असेल तरी विचारून बघ.