जाण्याआधी नाव एक कर

प्रिय बाय,

अनेक आशीर्वाद.

बर्लिनच्या कंपनीची शेवटची मुलाखत झाली, पगाराची बोलणी चालू आहेत, आता पुढे काय काय करायचं, असं तू विचारलंस. यातलं निम्मं काम जर्मनीत नाहीच. ते पणजीत आहे, फोंड्यात आहे आणि तुमच्या घरच्या लोखंडी कपाटात आहे. तिकडचं बरंचसं कंपनी पाहील. इकडचं तुझ्याशिवाय कोणी पाहणार नाही, म्हणून इकडूनच सुरुवात करू.

आज रात्री जन्मदाखला, दहावीचं प्रमाणपत्र, पदवी, आधार, पॅन आणि पासपोर्ट एका रांगेत मांड आणि नावाचं एकेक इंग्रजी अक्षर बोट ठेवून वाच. आपली आडनावं दोन राजवटी आणि दोन लिप्या ओलांडून आली आहेत. पोर्तुगीज नोंदींत कामतांचे ‘कामोतिम’ झाले, प्रभूंचे ‘पोरोबो’, नाईकांच्या शेवटी ‘के’च्या जागी ‘क्यू-यू-ई’ लागलं. आजोबांच्या दाखल्यावर एक, वडिलांच्या दाखल्यावर दुसरं आणि तुझ्या पदवीवर तिसरं, असं घरोघरी आढळतं. त्यात आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर मात्र रकाने दोनच. जर्मन कचेरी ते दोन रकाने जसेच्या तसे उचलते आणि पुढे व्हिसा, बँक, आरोग्यविमा, भाडेकरार सगळीकडे तेच नाव जातं. आडनावाचा रकाना रिकामा असेल, किंवा वडिलांचं नाव चुकून आडनावात गेलं असेल, तर नोकरीच्या करारावर सही करण्याआधी पासपोर्ट दुरुस्त करून घे. नंतर केलास तर करार एका नावाचा आणि पासपोर्ट दुसऱ्या नावाचा होतो, आणि व्हिसाची फाइल तिथेच अडते.

दुरुस्तीचा क्रम जन्मनोंदीपासून सुरू होतो, मग आधार आणि पॅन, शेवटी पासपोर्ट. नोंदीत लिहिताना झालेली चूक असेल तर ज्या पंचायतीत किंवा पालिकेत नोंद आहे तिथल्या निबंधकाकडे जा. नाव किंवा आडनावच बदलायचं असेल तर मात्र गोव्यात त्यासाठी १९९० चा वेगळा कायदा आहे. नोटरीकडच्या प्रतिज्ञापत्रावर ते काम भागत नाही. याला महिने लागू शकतात. चवथीच्या आधी सुरू केलंस तर नाताळापर्यंत निवांत होशील.

पदवीचं काम सोपं आहे. तू फर्मागुडीला शिकलीस, पण पदवी गोवा विद्यापीठाची आहे, त्यामुळे ‘अनाबिन’ या जर्मन सरकारी कोशात कॉलेजचं नाव शोधत बसू नको, विद्यापीठाचं शोध. विद्यापीठासमोर ‘एच प्लस’ (संस्था मान्य असल्याची खूण) आणि पदवीसमोर समकक्ष असल्याचा शेरा, ही दोन्ही पानं छापून फाइलला लाव. तुझी पदवी तिथे सापडली नाही तर ‘झाब’ या परदेशी पदव्या तपासणाऱ्या जर्मन कार्यालयाकडून तुलनापत्र मागवावं लागतं, त्याला २०८ युरो पडतात. शेवटच्या सत्राच्या गुणपत्रिकेवर विसंबू नको, दीक्षान्त समारंभाचं पदवीपत्रच हातात हवं. तुझ्या धाकट्या भावालाही सांग: माहिती तंत्रज्ञानाच्या कामात पदवी नसली तरी गेल्या ७ वर्षांत ३ वर्षांचा त्या दर्जाचा अनुभव असेल तर ब्लू कार्ड, म्हणजे कुशल परदेशी लोकांसाठीचा तिथला कामाचा आणि मुक्कामाचा परवाना, मिळू शकतं. म्हणून नोकरी सोडताना प्रत्येक ठिकाणाहून कामाचं स्वरूप, तारखा आणि पद स्पष्ट लिहिलेलं अनुभवपत्र घ्यायचं.

आता पगार. ब्लू कार्डासाठी वार्षिक पगाराची किमान मर्यादा असते आणि ती जर्मन पेन्शन वर्गणीच्या कमाल मर्यादेशी बांधलेली आहे, म्हणून दर जानेवारीत बदलते. २०२६ साठी ती ५०,७०० युरो आहे. तुझ्यासारख्या संगणक क्षेत्रातल्या लोकांसाठी, आणि पदवी घेऊन ३ वर्षं झाली नसतील त्यांच्यासाठी, ४५,९३४.२० युरो. यात फक्त करारात हमी दिलेला पगार धरतात. ‘कामगिरीनुसार बोनस’ अशी रक्कम त्यात मोजली जात नाही. कंपनी ४४ हजार मूळ आणि ६ हजार बोनस देऊ म्हणाली तर आकडा ५० हजार दिसतो, पण कार्ड मिळत नाही. तेव्हा बोनस मूळ पगारात घालून दे, एवढंच माग. कंपन्या हे ऐकतात, कारण त्यांनाही तू वेळेवर हवी असतेस.

आणि हातात किती येणार ते आधी काढ. वर्षाला ५५ हजार ठरले तर अविवाहित माणसाच्या हातात महिना साधारण २९०० युरो येतात. पेन्शनला ९.३ टक्के, बेकारी विम्याला १.३, त्यावर आरोग्य आणि शुश्रूषा विमा, मग कर. शुश्रूषा विम्यात मूल नसलेल्यांना २३ वर्षांनंतर ०.६ टक्के जास्त भरावे लागतात. या आकड्याचे रुपये करून आईला सांगू नको, आधी त्यातून भाडं वजा कर.

करार वाचताना दोन जागी थांब. एक, रिलोकेशनचे, म्हणजे तिकडे जाण्यासाठी कंपनीने दिलेले पैसे किती महिन्यांत नोकरी सोडल्यास परत द्यावे लागतील. दोन, परीक्षाकाल (प्रोबेशन). तो बहुतेक ६ महिन्यांचा असतो आणि त्या काळात दोन आठवड्यांच्या सूचनेवर कोणीही करार मोडू शकतं. म्हणून पहिल्या ६ महिन्यांत मोठी खरेदी करू नको आणि इथलं भाड्याचं घर, गाडी असं सगळं मोडून जाऊ नको. पुढे कधी नोकरी गेली तर काय करायचं तेही आताच वाचून ठेव, कारण त्या दिवशी डोकं जाग्यावर राहत नाही. नोकरीवरून काढल्याची सूचना कागदावर, सहीसकट असावी लागते, ईमेल चालत नाही. ती मिळाल्यापासून ३ आठवड्यांत कामगार न्यायालयात दावा लावता येतो, त्यानंतर नाही. रोजगार कार्यालयाला कळवायला ३ दिवस असतात. आणि ‘परस्पर संमतीने वेगळं होऊ’ असा कागद पुढे केला तर त्या दिवशी सही करायची नाही, कितीही गोड बोलले तरी. त्या सहीने बेकारी भत्ता १२ आठवड्यांपर्यंत रोखला जाऊ शकतो. भत्त्यासाठी आधीच्या ३० महिन्यांत १२ महिन्यांची वर्गणी लागते, म्हणजे पहिल्या वर्षात ते छत्र नसतंच. परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या तिथल्या सरकारी कचेरीला कळवायचं विसरू नको, कारण तुझा मुक्काम त्या नोकरीवर उभा आहे.

गोव्यात राहतेस तोवर तुझा अर्ज जर्मनीच्या मुंबईतल्या वाणिज्य दूतावासाकडे जातो. बेंगळुरूला नोकरीला असशील तर बेंगळुरूकडे. राहण्याचा पुरावा ज्या गावचा, तिथे अर्ज. मध्ये कोणी एजंट ‘व्हिसाचं जमवून देतो, ५ लाख’ म्हणाला तर उठून ये. परराष्ट्र खात्याकडे नोंदणी असलेला भरती एजंटदेखील कायद्याने ३० हजार रुपये आणि जीएसटीपेक्षा जास्त घेऊ शकत नाही, आणि नोंदणी आहे की नाही ते ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर दिसतं.

तुझ्या काकांनी सुचवलेला दुसरा रस्ता, पोर्तुगीज पासपोर्ट, यावर मात्र सविस्तर लिहिणं भाग आहे. आजोबा १९ डिसेंबर १९६१ च्या, म्हणजे गोवामुक्तीच्या आधी गोव्यात जन्मले, म्हणून आधी त्यांचा जन्म आणि लग्न लिस्बनला नोंदवायचं, मग वडिलांचं, मग तुझं. तिन्ही पिढ्यांच्या नावांची साखळी जुळावी लागते, आणि कामोतिम-पोरोबोचा तो सगळा घोळ इथे तिप्पट होऊन समोर येतो. रस्ता खरा आहे. हा पासपोर्ट असला की जर्मनीत व्हिसा लागत नाही, पगाराची मर्यादा नाही, नोकरी गेली म्हणून मुक्काम धोक्यात नाही. पूर्वी लोक तो काढून थेट इंग्लंडातल्या स्विंडनला जात. ब्रेक्झिटनंतर, २०२१ पासून, इंग्लंडचं ते दार बंद आहे.

पण त्याची किंमत नीट समजून घे. भारताला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की इथलं संपतं, आणि परदेशी पासपोर्ट घेणं हा त्याचा पुरावा धरला जातो. दोन्ही पासपोर्ट कपाटात ठेवून ‘कोण विचारतंय’ म्हणणारे भेटतील. त्यांचं ऐकू नको. इथला पासपोर्ट जमा करावा लागतो, मतदान जातं, सरकारी नोकरी जाते. परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांसाठीचं ओसीआय कार्ड मिळतं, त्याने ये-जा आणि राहणं सोपं होतं, पण शेतजमीन, बागायत आणि फार्महाऊस विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित कुळागरातला, म्हणजे पोफळीच्या बागेतला वाटा वारशाने येईल. शेजारच्या भावकीचा वाटा विकायला निघाला आणि तुला तो घ्यावासा वाटला, तर घेता येणार नाही. ब्लू कार्डावर गेलीस तरी परदेशात असेपर्यंत हीच अट आहे, फरक एवढाच की परत येऊन इथे राहायला लागलीस की भारतीय नागरिक म्हणून ती अडचण उरत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. तुझ्याकडे पदवी आहे, मागणी असलेलं काम आहे, आणि मर्यादेवरचा पगार मिळतो आहे. ब्लू कार्डावर २७ महिन्यांत कायमचा मुक्काम मिळतो, जर्मन भाषा ‘बी-१’ या मधल्या पातळीपर्यंत आली तर २१ महिन्यांतच. नागरिकत्वाचा प्रश्न ५ वर्षांनी तिथेही येईलच, तेव्हा तो देश पाहून, तिथले हिवाळे काढून ठरव. न पाहिलेल्या घरासाठी राहतं घर मोडू नये. भाषेची परीक्षा पुण्या-मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनात देता येते. जाण्याआधी निदान ‘ए-१’ ही पहिली पातळी करून जा, पुढचं तिथे.

घरच्या मालमत्तेचा विषय तू पत्रात काढलाच नाहीस, म्हणून मी काढतो. आजोबांच्या नावावरचं घर आणि भाट (माडांची बाग) अजून वाटलेलं नाही. कधीतरी इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांत वाटणी करण्याची गोव्यातली कोर्टाची कारवाई, घालावी लागेल, आणि प्रत्येक वारसाची नि त्याच्या जोडीदाराची सही लागेल. एक सही बर्लिनला अडकली की पाच भावंडांचं काम थांबतं. जाण्याआधी, ज्याच्यावर पूर्ण विश्वास आहे अशा एकाच्या नावे, ठराविक कामापुरतं मुखत्यारपत्र निबंधकाकडे करून ठेव. सरसकट ‘सर्व अधिकार’ देऊ नको. तिथून करावं लागलं तर ते भारतीय दूतावासातून करून घ्यावं लागतं, आणि भारतात पोहोचल्यापासून ३ महिन्यांच्या आत त्यावर इथला मुद्रांक लागला पाहिजे. हीच तारीख लोक चुकवतात. जमिनीच्या फॉर्म एक-चौदाचे (इथल्या सात-बाराचे) ताजे उतारेही स्कॅन करून ठेव.

लग्नाचं म्हणशील, तर देवळातलं लग्न आणि फोटो जोडीदाराच्या व्हिसाला पुरत नाहीत. निबंधकाकडची पहिली सही होऊन दुसरी राहिली असेल तर कायद्याने लग्न झालेलंच नसतं. दुसरी सही करून दाखला घे, मग तिकीट काढ. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला जर्मन भाषेची अट नाही आणि पोहोचल्या दिवसापासून नोकरी करता येते. मालमत्ता वेगळी ठेवायची असेल तर तो करार लग्नाआधीच होतो, नंतर नाही. केला नाही तर गोव्याच्या कायद्याने दोघांचं एकत्र धरलं जातं.

बँकेतलं बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयाचं खातं) करून घे, पीएफ घाईने काढू नको. इथला मोबाइल नंबर चालू ठेव, ओटीपी त्यावरच येणार.

पोहोचल्यावर घरासाठी मूळ भाड्याच्या तिपटीपर्यंत अनामत मागतात, पण ती तीन मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क कायद्याने आहे. किल्ली हातात येण्याआधी पैसे पाठवू नको. तात्पुरती खोली घेताना आधी विचार, ‘पत्ता नोंदवायला घरमालकाचा कागद देणार का?’ राहायला गेल्यापासून १४ दिवसांत पत्ता नोंदवायचा असतो आणि त्या कागदाशिवाय नोंद होत नाही. नोंद झाली की कर क्रमांक टपालाने येतो. तो कंपनीला मिळाला नाही तर सगळ्यात चढ्या दराने कर कापतात. पुढे परत मिळतो, पण पहिल्या महिन्याची ओढाताण होते. आणि तिथला पोस्टमन घर क्रमांकावर नाही, पेटीवरच्या नावावर पत्र टाकतो. म्हणून सामान उघडण्याआधी टपालपेटीवर आडनावाची चिठ्ठी लाव, पासपोर्टवर आहे तीच अक्षरं.

करारनामा आला की सही करण्याआधी पाठव.

तुझा,
मामा