ठसक्याचा फ्यूज

सप्रेम आशीर्वाद.

परवा वर्कशॉपमध्ये तुझ्या खिशातून पडला तो पेनड्राइव्ह नव्हता, व्हेप म्हणजे ई-सिगारेट होती, एवढं मला कळतं. पोरांसमोर बोललो नाही, म्हणून हे पत्र.

‘सर, नुसती वाफ असते,’ असं मागे तूच कुणाबद्दल तरी म्हणाला होतास. तू इलेक्ट्रिशियन ट्रेडचा, तेव्हा आपल्याच भाषेत बोलू. आत लिथियम बॅटरी, बारीक कॉइल आणि कापसाची वात. झुरका घेतला की सेन्सर सर्किट चालू करतो, कॉइल तापते, वातीतला द्राव उडतो. द्राव म्हणजे प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, चवीची रसायनं आणि निकोटीन. बाहेर येतात ते त्याचेच अतिसूक्ष्म थेंब. चहाच्या आधणाची वाफ वेगळी. वात कोरडी पडली की करपट चव लागते ना? तेव्हा फॉर्माल्डिहाइड, अ‍ॅक्रोलिन अशी विषारी रसायनं तयार होत असतात. कॉइलमधलं निकेल, क्रोमियमही थोडं थोडं आत जातं.

मला खरी धास्ती मात्र निकोटीनच्या क्षाराची. साधं निकोटीन घशाला झोंबतं, ठसका लागतो, माणूस थांबतो. त्यात बेंझोइक आम्ल मिसळलं की झोंबणं कमी होतं. मग मिलीलीटरला 50 मिलिग्रॅमचा जहाल द्रावही आंब्याच्या चवीत अलगद उतरतो. युरोपीय संघात 20 च्या वर परवानगी नाही. ठसका हा शरीराचा फ्यूज. तोच काढून लाइन चालू ठेवलीय. आणि मेंदूची जडणघडण पंचविशीपर्यंत चालते. तू एकोणीसचा.

सिगारेटपेक्षा बरं, म्हणशील. मी बावीस वर्षं सिगारेट ओढली. माझ्यासारख्यानं ती पुरती सोडून याच्यावर यावं, तर डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड टळतं, हे मी नाकारत नाही. पण तू कुठे सिगारेट ओढत होतास?

अमेरिकेत फेब्रुवारी 2020 पर्यंत अशी यंत्रं ओढून फुप्फुसांना इजा झालेले 2,807 जण दवाखान्यात गेले किंवा दगावले; मृत्यू 68. मुख्य संशय गांजाच्या अर्कात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेटवर. तुझ्या यंत्रात ते नसेलही. पण आपल्याकडे 2019 पासून विक्री, आयात, साठवण सगळ्यावर बंदी आहे. म्हणजे तुला मिळालं ते चोरून आलेलं. आत काय भरलंय, ते तपासलं कुणी?

सोडताना काही दिवस चिडचिड होईल, झोप उडेल, अभ्यासात लक्ष लागणार नाही. 1800-112-356 हा तंबाखू सोडवणारा सरकारी मोफत नंबर आहे, लावून बघ. सोमवारी प्रॅक्टिकलनंतर थांब, चहा घेऊ. आणि ते यंत्र कचऱ्यात फेकू नकोस, लिथियम पेट घेतं. माझ्याकडे दे, जुन्या बॅटऱ्यांच्या डब्यात टाकतो.

तुझे सर