गच्चीवरच्या मिरच्यांचं काय करू?

प्रश्न: ताई, यंदा गच्चीवर मिरची आणि गवार इतकी लागलीय की शेजारीपाजारी वाटूनही उरते, फ्रीजमध्ये ठेवली की चार दिवसात मऊ पडते. टिकवायचं कसं?
— एक वाचक, सातारा

उत्तर: अहो, मे महिन्याचं ऊन फुकट मिळतंय ते वापरा की! मिरच्या जाड, कमी तिखट असतील तर सांडगी मिरचीच करा. देठ ठेवून उभी चीर द्यायची, मग आंबट ताकात मीठ, हिंग, धने-जिरे आणि मेथीची पूड घालून रात्रभर बुडवून ठेवायच्या, सकाळी निथळून उन्हात, संध्याकाळी परत त्याच ताकात, असं ताक संपेपर्यंत चालू ठेवा आणि मग कडकडीत वाळवा. हलवल्यावर आत बियांचा खुळखुळ आवाज आला की झाल्या. काचेच्या बरणीत भरा, प्लॅस्टिकचा डबा नको. दहीभातासोबत तळून, वा!

गवार कोवळी असेल तर तशीच भाजी करून खा, वाळवत बसू नका. थोडी जून झालेली मात्र मिठाच्या पाण्यात एक उकळी देऊन वाळवा, तळली की कुरकुरीत लागते. फक्त पाऊस यायच्या आत उरका, ओल राहिली तर बुरशी धरते.