पानांचा अर्क, प्लेट आणि झोन : वाचकांची प्रश्नोत्तरे

महाविद्यालयीन प्रकल्पांचा हंगाम आला की पानांच्या अर्काची जंतुरोधक क्षमता तपासण्याविषयी त्याच त्या शंका येतात. या चाचणीत जंतू पसरलेल्या अगारच्या (जंतू वाढवण्याच्या जेलीच्या) प्लेटवर खळगा पाडून त्यात अर्क घालतात किंवा औषध भिजवलेली कागदी चकती ठेवतात; भोवती जंतू न वाढलेले जे वर्तुळ दिसते तो झोन, आणि त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजतात. त्या शंकांपैकी काहींची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : अर्कासाठी पाने उन्हात वाळवावीत का?

उत्तर : नाही, सावलीत आणि हवेशीर जागी वाळवावीत.

प्रश्न : रविवार पेठेत मिळणारी कडुलिंबाची तयार पूड चालेल का?

उत्तर : पाकिटावर छापलेले नाव हा ओळखीचा पुरावा नव्हे, आणि पूड झाल्यावर त्यात काय मिसळले आहे हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. फुलाफळांसह ताजी फांदी आणून भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुण्यातील केंद्रात तज्ज्ञांकडून ओळख पटवून घ्यावी.

प्रश्न : प्रति मिलिलिटर 100 मिलिग्रॅम तीव्रतेचा तुळशीचा इथेनॉली अर्क खळग्यात 100 मायक्रोलिटर घातला. त्याचा झोन 22 मिलिमीटर, तर 10 मायक्रोग्रॅम अँपिसिलिनच्या चकतीचा 18 मिलिमीटर आला. अर्क अधिक प्रभावी, असे लिहावे का?

उत्तर : कृपया लिहू नये. खळग्यात तुम्ही 10 मिलिग्रॅम अर्क घातला, म्हणजे चकतीतील औषधाच्या हजारपट. एवढे करून चार मिलिमीटरची आघाडी मिळाली, तर त्यात मिरवण्यासारखे काय आहे? शिवाय इथेनॉल स्वतःच जंतू मारते, म्हणून तेवढेच नुसते इथेनॉल घातलेला खळगा त्याच प्लेटवर नसेल, तर तो झोन तुळशीचा की इथेनॉलचा, हे सांगता येत नाही. माझ्याकडे येणाऱ्या अहवालांत नेमका हाच खळगा गायब असतो, आणि ‘अमुक पान प्रतिजैविकाला भारी’ अशा जाहिराती अशाच आकड्यांवर पोसल्या जातात. झोनच्या रुंदीत पदार्थ अगारमधून किती पसरतो हेही मिसळलेले असते. तेलकट घटक प्रभावी असूनही जेमतेम पसरतात. अगारची जाडी 4 मिलिमीटर आणि जंतू मिसळलेल्या द्रवाची गढुळता 0.5 मॅकफारलंड (गढुळतेवरून जंतूंची संख्या ठरवण्याचे माप) ठेवली नसेल, तर दोन प्लेटांची तुलनाही व्यर्थ ठरते. झोन हा केवळ इशारा समजावा, द्रवमाध्यमात क्रमाने विरळ करत जाऊन जंतूंची वाढ रोखणारी किमान तीव्रता काढावी, आणि निष्कर्ष लिहिण्यापूर्वी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापकांना नोंदवही दाखवावी.

प्रश्न : नाल्याच्या पाण्यातील जंतू घरीच वाढवून प्रयोग करता येईल का?

उत्तर : मुळीच नाही. पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या संग्रहातून ओळख निश्चित असलेले जंतू महाविद्यालयामार्फत मागवावेत, काम प्रयोगशाळेतच करावे आणि वापरलेल्या प्लेटा ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक केल्याशिवाय) टाकू नयेत.

प्रश्न : वडिलांना मधुमेह आहे. पायाची जखम तीन आठवडे भरलेली नाही. आजी दगडीपाल्याचा रस लावते. त्याच्या अर्काने आमच्या प्लेटवर स्टॅफिलोकोकस हा जंतू रोखला. रस चालू ठेवावा का?

उत्तर : तीन आठवडे वाट पाहिली हेच चुकले, वडिलांना आजच डॉक्टरांकडे न्यावे. प्लेटवर पू नसतो, मंदावलेला रक्तपुरवठा नसतो, वाढलेली साखर नसते, आणि वाटून काढलेला रस निर्जंतुकही नसतो. तोवर रस लावणे थांबवावे आणि तो लावत होतो हे डॉक्टरांपासून लपवू नये.